वरच्या खोलीतला आवाज

शहादा
१८ जुलै २०२५

चि. सौ. रक्षा हिस,
जय जिनेंद्र.

तू एवढ्यात बऱ्याचदा फोन केलास आणि मी उचलला नाही. राग मानू नकोस, खरं कारण लिहितो. तू 'हॅलो' म्हणतेस आणि मला पुढचं बोलता येत नाही. तुम्हा दोघी बहिणींचे चेहरे वेगळे, पण फोनवर आवाज अगदी एक. चंदना असताना आपण त्यावरून किती हसायचो. आता तो आवाज कानावर पडला की समोर गिऱ्हाईक उभं आहे हेही विसरायला होतं. म्हणून हे पत्र. तूही पत्रानेच उत्तर दे.

विषय आयुषीचा आहे.

आमच्या मागच्या गल्लीत नवलभाऊ राहतात, जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात. त्यांचा गोकुळ दुसरीत आहे. चंदना गेल्यापासून तो आयुषीच्या मागेमागे असतो, शाळा सुटली की आमच्याच घरी. गेल्या आठवड्यात त्याची आई तापीबाई दुकानात आली. गणवेशाच्या कापडाची गर्दी होती. ती कोपऱ्यात थांबली, सगळे गेल्यावर पुढे आली.

"दादा, मना पोऱ्या रातभर जपस नही. तुमनी पोरनी त्याले काय दखाडं, ते तिले इचारा."

पोरगं रात्रभर झोपत नव्हतं म्हणे. मी वर जाऊन बघितलं, तर टीव्हीला पेन ड्राइव्ह लावलेला. त्यात जुने अमेरिकन सिनेमे, हिंदीत डब केलेले. स्लॅशर म्हणतात म्हणे त्यांना. एक मुखवटेवाला सुरा घेऊन हिंडतो आणि सुट्टीवर आलेल्या पोरापोरींना एकेक करून मारतो, एवढीच गोष्ट. थोडा वेळ बघून मीच बंद केला. गोकुळ आता एकटा मोरीत जात नाही. परवा पपईच्या गाडीवाल्याने कापायला सुरी उचलली, तर पोरगं रस्त्यातच खाली बसलं आणि त्याची चड्डी ओली झाली.

आयुषीला विचारलं. गोकुळ तिथे होता का? तर हो. का दाखवलंस? तर गप्प.

आईला हे फार लागलंय. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जपतात, त्या घरातली तेरा वर्षांची पोर माणसं कापताना बघते. आणि तीही चंदनाची पोर. एवढ्या दुखण्यात चंदनाच्या तोंडून कधी हूं की चूं निघालं नाही. श्रद्धांजली सभेत ज्याने त्याने तेच सांगितलं. साध्वीजी म्हणाल्या, अशी समता साधूंनाही अवघड. त्या शब्दांवर मी हे सहा महिने काढले आहेत.

आईचं म्हणणं आहे, दिवाळीनंतर आयुषीला राजस्थानात मुलींच्या छात्रालयात ठेवावं. तू शिक्षिका आहेस, तुझा रोजचा मुलांशी संबंध. असे सिनेमे या वयाच्या मुलांनी बघावेत का? बघितले तर काय होतं? पेन ड्राइव्ह मी काढून घेतलाय. पुढे काय करू ते सुचत नाही.

अभिनंदनजींना जय जिनेंद्र.

तुझा,
श्रेणिक

नाशिक
२५ जुलै २०२५

आदरणीय जीजाजी,
जय जिनेंद्र.

फोनचं कारण वाचलं. राग कसला? मलाही माझाच आवाज कधीकधी नको होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. नाही, बघू नयेत. मोठ्या माणसाच्या डोक्यात 'हे खोटं आहे' असं सांगणारं कुणीतरी बसलेलं असतं. गोकुळएवढ्या मुलाच्या डोक्यात ते अजून यायचं असतं. आमच्या शाळेतल्या एका मुलाने मोठ्या भावाच्या मोबाइलवर असंच काहीतरी बघितलं होतं. त्यानंतर तो चित्रकलेच्या वहीत फक्त दारं काढायचा, बंद केलेली आणि कड्या घातलेली. गोकुळला कुणी भित्रा म्हणू नका. नवलभाऊंना सांगा, काही दिवस त्याला जवळ घेऊन झोपा. हळूहळू जाईल ते.

आयुषीचं वय मधलं. या वयात मुली घोळक्याने बसून असे सिनेमे बघतात, किंचाळतात, हसतात आणि विसरून जातात. त्याचं मी फार मनावर घेतलं नसतं. पण आई जाऊन सहा महिने झालेली पोर ते एकटी बघते, हे मला बरं वाटत नाही. ही सवय लावली कुणी? मैत्रिणी कोण आहेत तिच्या? ताईने तर असलं काही घरात येऊच दिलं नसतं. भाजी चिरताना बोट कापलं तरी तिला चक्कर यायची. ती हे पाच मिनिटंही बघू शकली नसती.

पण छात्रालयाची घाई नको. एक करा. पेन ड्राइव्ह तिला एकदा परत द्या आणि ती कशी बघते ते तिच्या नकळत बघा. हसते, घाबरते, की नुसती बसून राहते? त्यावरून पुष्कळ कळेल.

तुमची,
रक्षा

शहादा
७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रक्षा,

तू सांगितलंस तसं केलं. रविवारी पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि दुपारी जिन्यावरून हळूच वर गेलो. दार पुरतं लावलेलं नव्हतं.

ती बघत नव्हती, रक्षा. चंदनाच्या खाटेवर बसली होती, टीव्हीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. डोळे घट्ट मिटलेले, हातात रिमोट. सिनेमातली बाई ओरडायला लागली की ही आवाज वाढवायची. ओरडणं थांबलं की कमी करायची. भीती नाही, मजा नाही. लहानपणी पाढे म्हणताना असायची तसा चेहरा, कुठे चुकायला नको असा. मला आत जाववलं नाही.

खाली आलो तर आई आसन आणि माळ टाकून, सामायिक अर्धवट सोडून उठलेली. चपला न घालता दुकानात येऊन बसली होती. ती सामायिक कधी मोडत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणाली, "हे बंद कर, श्रेणिक. नाहीतर मलाच कुठेतरी पाठवून दे." तिला या हिंसेची एवढी किळस वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने छात्रालयात फोन केला. जागा आहे. मी हो म्हणून टाकलं. दोघींना एका घरात कसं ठेवायचं ते मला कळत नाही.

आयुषीच्या वर्गशिक्षिकेलाही भेटून आलो. अभ्यासात तक्रार नाही. पण वर्गात कुणी बाक जोरात सरकवला तरी ती कानावर हात ठेवते म्हणे. घरी एवढा आवाज आणि शाळेत असं. याचा मेळ मला लागत नाही.

स्वातंत्र्यदिनाला जोडून तुला सुट्टी असेल. एकदा येऊन जा. तुझ्याशी ती बोलेल. निदान तुझा आवाज ऐकून तरी.

श्रेणिक

नाशिक
२० ऑगस्ट २०२५

आदरणीय जीजाजी,

स्टँडवर सोडायला आलात तेव्हा तुम्ही विचारलंत, काही बोलली का? मी 'लिहिते' म्हटलं, कारण आयुषी शेजारी उभी होती. तिच्यासमोर मला ते सांगता आलं नसतं. तुम्ही हे एकटे असताना वाचा.

घरी ती काहीच बोलली नाही. म्हणून शनिवारी तिला नदीकाठी, प्रकाशा गावाला घेऊन गेले. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसलो. तापीला गढूळ पाणी होतं. बराच वेळ ती शाळेचंच सांगत होती. मग मी विचारलं की सिनेमा लावतेस तेव्हा डोळे का मिटतेस. ती म्हणाली, "मम्मीने सांगितलंय."

पहिला सिनेमा तिने मैत्रिणीच्या भावाकडून आणला होता, गेल्या दिवाळीनंतर. गंमत म्हणून. ताई खाटेवर होती, 'बंद कर ते' म्हणत होती. तेवढ्यात सिनेमातली मुलगी किंचाळली आणि नेमकी त्याच वेळी ताईला कळ आली. ताई ओरडली. खाली कुणालाच कळलं नाही. दुकानात तुम्ही होता, आतल्या खोलीत तुमच्या आई होत्या. कुणी वर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईच म्हणाली, "ते लाव. जास्त ओरडतात ते."

सकाळच्या गोळीचा असर दुपारी उतरायचा आणि पुढची गोळी संध्याकाळी असायची. मधला वेळ त्या दोघी अशा काढायच्या. ताई आयुषीला भिंतीकडे तोंड करून बसवायची. "तुझं हे बघायचं वय नाही. डोळे मीट. मी हात दाबला की आवाज वाढव." जीजाजी, तुमच्या मुलीने त्यातला एकही सिनेमा बघितलेला नाही. तिला फक्त आवाज माहीत आहेत. गोकुळ मागे येऊन बसला आणि बघत राहिला, तेही तिला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा पार उशीर झाला होता, आणि का लावला होता ते सांगता येईना.

ताईने तिला शपथ घातली होती. "पप्पांना कळलं तर ते मला परत सुरतेच्या हॉस्पिटलात नेतील, आणि मला घरी राहायचंय." म्हणून पोर आजपर्यंत गप्प राहिली.

आता का लावतेस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यात कधीकधी मम्मीचा आवाज येतो, असं वाटतं. आता कमी येतो."

यापुढचंही तुम्हाला कळायलाच हवं. तिने मला विचारलं, "मी आवाज वाढवला नसता तर पप्पांना ऐकू गेलं असतं. मग त्यांनी नेलं असतं. मग मम्मी वाचली असती ना?" मी नाही म्हटलं. पण माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नाही. सुरतेच्या डॉक्टरांशी बोलणं तुमचं झालं होतं. याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता.

तुम्हाला मी लिहिलं होतं की ताई हे पाच मिनिटंही बघू शकली नसती. ते आठवून मला फार रडू येतं.

रक्षा

शहादा
३० ऑगस्ट २०२५

चि. सौ. रक्षा,

तुझं पत्र दुकानात आलं. वाचलं आणि शटर ओढून घेतलं.

वरून किंकाळी आली की गिऱ्हाईक मान वर करायचं. "शेठ, वर पिक्चर चालू शे का?" मी म्हणायचो, हो, पोरगी बघते. आणि हसायचो. आठवडे, महिने हसलो असेन. माझ्या हातातली कात्री चालूच असायची. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

संवत्सरीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. आयुषी माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली तेव्हा मी तिला वर घेऊन गेलो. खाटेवर बसवलं. मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. सुरतेच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीच्या आधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता उपाय उरलेला नाही. मी ते चंदनाला सांगितलं नाही, आईला नाही, तुलाही नाही. घरी येऊन 'सुधारणा आहे' म्हणत राहिलो. आयुषीला म्हटलं, तू सांगितलं असतंस तरी मम्मी वाचली नसती.

तिने विचारलं, "पण तुम्ही नेलं असतं?"

मी म्हटलं, "नेलं असतं. मला राहवलं नसतं. आणि ती तिथेच गेली असती, त्या वॉर्डात, नळ्या लावलेली."

"म्हणजे घरी राहिली ती माझ्यामुळे?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्यामुळे."

ती रिमोट उचलून कपाटात ठेवून आली.

संध्याकाळी तिला नवलभाऊंच्या घरी घेऊन गेलो. तिने गोकुळला सांगितलं की माझे डोळे बंद होते, तू काय बघत होतास ते मला माहीत नव्हतं. गोकुळचा विश्वास बसेना. मग त्याने तिला सगळा सिनेमा सांगितला, हातवारे करून, मुखवटेवाला कुठे लपतो, कुणाला कुठे मारतो. पोरगं सांगता सांगता मोकळं होत होतं. इकडे आयुषीचा चेहरा उतरत गेला. परत येताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "पप्पा, असं असतं त्यात?"

तापीबाई दारापर्यंत आली होती. तिला मी सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

श्रेणिक

नाशिक
८ सप्टेंबर २०२५

आदरणीय जीजाजी,

डॉक्टरांचं तुम्ही एकट्याने एवढे महिने पोटात ठेवलंत. ताईने आपली कळ पोटात ठेवली, आयुषीने ताईची. एका घरात तिघं, आणि मी इथून फोनवर विचारायचे, सगळं ठीक ना? तिघंही ठीक म्हणायचात.

तुमच्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मी मोठ्या खात्रीने दिलं होतं. उत्तर अजून तेच आहे, मुलांनी बघू नये. गोकुळचे हाल आपण बघितले. ताईचंही मत तेच होतं. जिवाचं पाणी होत असतानाही ती पोरीला डोळे मीट म्हणाली. फक्त त्या उत्तराने आयुषीबद्दल मला काहीच कळलं नव्हतं. वर्गात आता एखाद्या मुलाकडे असलं काही सापडलं की मी लगेच रागावत नाही. कुणाबरोबर बघतोस, ते आधी विचारते.

छात्रालयाचं काय झालं? तुमच्या आईंशी बोललात का? त्यांना सगळं सांगणं अवघड आहे, मला कळतं. त्या गावभर सांगत आल्या आहेत की माझ्या सुनेने एकदाही ओरडून घर डोक्यावर घेतलं नाही. पण आयुषीला या वेळी घराबाहेर पाठवलं तर ती शिक्षाच समजेल. हवं तर तिला माझ्याकडे ठेवा.

रक्षा

शहादा
१० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रक्षा,

उत्तराला उशीर झाला. आईशी बोलायचं धाडस होत नव्हतं. गेल्या आठवड्यात छात्रालयातून कपड्यांचं विचारायला फोन आला, तेव्हा बोलावंच लागलं.

दुपारची वेळ होती. आई गवार निवडत बसली होती. मी सांगायला सुरुवात केली आणि चंदना सिनेमाच्या आवाजाआड ओरडायची इथपर्यंत आलो, तर आई हातातलं न थांबवता म्हणाली, "मला माहीत होतं."

तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणाली, सिनेमातली बाई ओरडते ती थांबते. आपलं माणूस ओरडतं ते थांबल्यावरही थोडं उरतं. ती खाली माळ घेऊन बसायची आणि मणी पुढे सरकायचा नाही. मी म्हटलं, मग वर का गेली नाहीस? तर म्हणाली, सासू दारात दिसली असती तर तिने तोंड मिटलं असतं. तेवढी एकच जागा होती तिला ओरडायला, तीही मी काढून घेऊ? लोकांना हूं की चूं नाही म्हणून सांगितलं, कारण लोकांनी तसंच समजावं, हे चंदनालाच हवं होतं.

मग चंदना गेली. आणि काही दिवसांनी दुपारी वरून पुन्हा तेच आवाज यायला लागले. आई म्हणाली, "मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग कळलं, पोरगी लावते. मला ते पुन्हा ऐकवत नव्हतं, श्रेणिक. पोरीचा राग नव्हता मला."

आयुषी जिन्यावर उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती खाली आली आणि दादीच्या गवारीच्या ताटापलीकडे बसली. दादीने तिच्याकडे बघितलं आणि एकदम मोठ्याने रडायला लागली. मी आईला असं रडताना कधी बघितलेलं नाही. माझे वडील गेले तेव्हाही नाही. मृत माणसासाठी आक्रोश करू नये, त्याने आपल्यालाही कर्म बांधतं आणि जाणाऱ्याचाही जीव अडकतो, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. जानेवारीत तिने कुणाला रडू दिलं नव्हतं. आयुषीने आधी तिच्या तोंडावर हात ठेवला. मग काढला, आणि तीही रडायला लागली. दुकानातलं गिऱ्हाईक उठून आत डोकावलं. तापीबाई मागच्या दाराने धावत आली. मी दुकानाकडे परत गेलो नाही, तिथेच बसलो. माझंही तेच झालं, हे तुला सांगायला नको.

छात्रालयाला नकार कळवला आहे. पेन ड्राइव्ह आयुषीने स्वतःच आणून दिला. म्हणाली, आता त्यात मम्मी येत नाही. चंदनाचा आवाज कुठेच उरला नाही याचं मला बरं वाटावं की वाईट, ते ठरत नाही. तिचा एखादा व्हिडिओ ठेवायला हवा होता. सगळ्या व्हिडिओत ती फोन धरून असायची आणि आम्ही दिसायचो.

गोकुळ आता बरा आहे. मोरीत जातो, पण दार उघडं ठेवून. तापीबाई बाहेर बसून त्याच्याशी बोलत राहते.

या दिवाळीचं घरात कुणालाच काही सुचत नाही. आई म्हणाली, पोरीला मावशीकडे घेऊन जा, चार दिवस मीही येते. तर आम्ही तिघं सकाळच्या एसटीने येतो आहोत. फराळाचं करू नकोस, आई करते आहे.

एकच सांगायचं आहे. आयुषी आता रडते. बहुतेक दुपारीच, आणि खूप मोठ्याने. आम्ही तिला गप्प करत नाही, टीव्हीही लावत नाही. जवळ बसून राहतो. तुमची सोसायटी आहे, भिंतीला भिंत लागून घरं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव.

तुझा,
श्रेणिक